वतनाचा धडा : पार्श्वभूमी

गुलामगिरी आणि वंशभेद शाळेत कसे शिकवावेत, हा वाद अमेरिकेत २०२१ पासून थेट कायद्यांपर्यंत गेला. २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या अभ्यासक्रमात असं वाक्य आलं, की गुलामांनी शिकलेली कौशल्यं काही वेळा त्यांच्याच फायद्याची ठरली. त्यावर गदारोळ झाला. कोल्हापुरातल्या शिक्षकाला हा युक्तिवाद नवा वाटू नये. बलुतेदारी शिकवताना तोच वेगळ्या कपड्यांत येतो : महारांना वतनाची, म्हणजे गावकामाच्या बदल्यात पिढीजात मिळणारी जमीन होती, बलुतं मिळत होतं, गाव स्वयंपूर्ण होतं.

या दोन इतिहासांची गाठ आजची नाही. जोतीराव फुल्यांचं १८७३ चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेलाच अर्पण केलेलं आहे; तिथली गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. आपल्याकडच्या पेशवाईत विकल्या जाणाऱ्या कुणबिणी आणि बटकी (गुलाम बायका), किंवा गुलामीची कायदेशीर मान्यता काढणारा १८४३ चा कायदा यांवर मात्र वर्गात क्वचितच कोणी थांबतं.

खरा गुंता वतनाचा आहे. वतनदार महार विकला जात नव्हता, हा फरक मुलांना स्पष्ट सांगायलाच हवा. पण वतन हा हक्क होता तशी सक्तीही होती. हद्द दाखवणं, सरकारी भरणा पोचवणं, रयतेला चावडीवर बोलावणं, मयताचा निरोप परगावी नेणं, मेलेलं जनावर ओढणं, अशी ही कामं. आणि यादी कुठं संपते याला धरबंध नव्हता. घरातला एक माणूस हजर नसेल तर दुसऱ्याला धरून नेत. जमीन पिढ्यागणिक वाटली जाऊन तुकडे उरले, काम मात्र आटलं नाही. काम नाकारावं तर जमीन जाणार. मोबदला आणि बेडी एकाच सातबाऱ्यावर, हे समजलं की ‘फायदा’ या शब्दाचा हिशेब मुलं स्वतःच मांडतात.

शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानानं १९१८ मध्ये महार वतन मोडून जमिनी रयतावा, म्हणजे गावकामाच्या सक्तीतून मोकळ्या करण्याचा निर्णय घेतला. वतन म्हणजे गावातला मान, तो का सोडायचा, असं वाटणारे वतनदारही होते; हा भाग गाळला तर निर्णय किती अवघड होता ते कळत नाही. शेजारच्या इंग्रजी मुलखात १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात यासाठी विधेयक आलं, ते मंजूर झालं नाही. तिथं वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. म्हणजे संस्थानची हद्द ओलांडली, की पुढची चाळीस वर्षं तोच जुना कारभार.

शाहू महाराजांच्या १९०२ च्या २६ जुलैच्या, नोकऱ्यांतल्या राखीव जागांच्या हुकुमाचंही असंच अर्धवट शिकवणं होतं. ‘पन्नास टक्के’ एवढंच पाठ. ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गाचे नोकर निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्याच वर्गातली, आणि नेमणुकांचा तिमाही तक्ता सरकारला सादर, ही त्यातली यंत्रणा गाळली जाते. एका तासात ती फळ्यावर मांडता येते. २० जागांची काल्पनिक कचेरी घ्या, त्यात या वर्गाचे ३ नोकर. निम्म्यावर यायला बाकीच्यांच्या किती जागा रिकाम्या व्हाव्या लागतील? सात. वर्षाला एकच जागा रिकामी होत असेल तर सात वर्षं. गणित सुटतं आणि हुकूम भाषणातून बाहेर येतो. (२६ जूनच्या शाहू जयंतीच्या आठवड्यात मात्र हा तास घेऊ नये, त्या दिवसांत सगळ्याचं भाषणच होतं.)

बिघडतं ते नाटुकल्यात. एकाला पाटील, दुसऱ्याला महार केलं, की वर्ग हसतो आणि ते नाव त्या मुलाला वर्षभर चिकटतं. ‘तुमच्यात काय करायचे?’ हा प्रश्नही नको. त्यापेक्षा कागद वाचायला द्यावेत : आधी हुकूम, मग कामांची यादी, शेवटी जमिनीचा हिशेब.

हुशार मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. १९०१ पासून कोल्हापूर शहरात जातवार वसतिगृहं निघाली, मग १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद का केल्या? वसतिगृहाला जागा आणि मदत दरबारची मिळाली, तरी चालवायला प्रत्येक समाजातली माणसं आणि वर्गणी लागत होती. शाळा सरकारच्या हुकुमानं एकत्र करता येत होती. एवढं उत्तर दहावीच्या वर्गाला पुरतं.