पीएसए वाढले, पण कोणते?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पीएसएचा (प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन या प्रथिनाचा) आकडा ७ दिसला की पहिली धास्ती प्रोस्टेटच्या कर्करोगाची. पण पीएसए काही कर्करोगाचे प्रथिन नव्हे. पुरुषांच्या मूत्राशयाखालची निरोगी प्रोस्टेट ग्रंथीही ते तयार करते. वीर्य पातळ करणे हे त्याचे काम. रक्तात ते एरवी जेमतेम झिरपते. वयोमानाने ग्रंथी वाढली, तिला सूज आली किंवा जंतुसंसर्ग झाला, तरी हे झिरपणे वाढते. दर मिलिलिटरला ४ ते १० नॅनोग्रॅम पीएसए असलेल्यांची बायोप्सी केली, म्हणजे सुईने ग्रंथीचे तुकडे काढून तपासले, तर साधारण चौघांत एकालाच कर्करोग सापडतो. उरलेल्या तिघांनी सुया उगाचच सोसलेल्या असतात.

गंमत म्हणजे कर्करोगाची पेशी निरोगी पेशीपेक्षा जास्त पीएसए बनवते असेही नाही, बहुधा कमीच. फरक आहे तो वाटेचा. साध्या वाढीत पीएसए ग्रंथीच्या नलिकांमध्ये रेंगाळते, तिथली इतर विकरे (एन्झाइम्स) त्याची काटछाट करतात आणि बरेचसे निकामी होते. कर्करोगात पेशींची मांडणीच ढासळते आणि धडधाकट पीएसए सरळ रक्तात उतरते. रक्तातले अँटिकायमोट्रिप्सिन नावाचे प्रथिन अशा सक्रिय रेणूंना धरून ठेवते. निकामी रेणू मात्र मोकळे फिरतात. कर्करोगात मोकळ्या पीएसएचे प्रमाण कमी भरते, हे १९९१मध्ये हेलसिंकीच्या उल्फ-हाकान स्टेनमन यांच्या गटाने दाखवले. याच ४ ते १०च्या पट्ट्यात मोकळे पीएसए एकूण पीएसएच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता निम्म्याच्या वर जाते. २५ टक्क्यांहून जास्त असेल तर ती ८ टक्क्यांच्या आसपास उरते.

मोकळ्यातही प्रकार आहेत. पीएसए तयार होते तेव्हा त्याच्या टोकाला ७ अमिनो आम्लांचा जादा तुकडा असतो; तो गळाला की प्रथिन कामाला लागते. कर्करोगाच्या ऊतीत यातली दोनच आम्ले चिकटून राहिलेला अर्धवट प्रकार जास्त आढळतो. तो, मोकळे आणि एकूण पीएसए, तिन्ही एका सूत्रात घालून 'प्रोस्टेट हेल्थ इंडेक्स' काढतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२मध्ये त्याला मान्यता दिली. माझ्या मते नुसत्या एकूण पीएसएवर सरळ बायोप्सीकडे वळण्यापेक्षा आधी चाचणी पुन्हा करून मोकळ्याचे प्रमाण पाहावे. निर्णय अर्थात डॉक्टरांचा. त्यांना एक गोष्ट मात्र आठवणीने सांगावी: वाढलेल्या ग्रंथीसाठी फिनास्टेराइड हे औषध चालू असेल तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्मे होते. अशा वेळी ३चा आकडा खरे तर ६ म्हणून वाचायचा असतो.