परतीची वाट कुठे ठेवायची? अपडेटनंतर सुरू न होणाऱ्या संगणकाची पार्श्वभूमी

अपडेट झाल्यावर संगणक सुरूच झाला नाही, की महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांतल्या दुरुस्तीच्या दुकानांत वर्षानुवर्षे एकच निदान ऐकू येत असे: ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ ‘विंडोज मारणे’ हा वाक्प्रयोग तर इतका रुळला आहे की त्यात काही विनाशक आहे, हे आता कोणाच्या लक्षातही येत नाही. डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो, सोसायटीचे हिशेब, मुलांचे प्रकल्प हे सगळे त्या ‘मारण्यात’ पुसले जाई आणि संगणक कोऱ्या पाटीसारखा परत मिळे. वास्तविक अशा संगणकाला डेटा न गमावता उभे करण्याची साधने गेली तीस वर्षे प्रणालीसोबतच (ऑपरेटिंग सिस्टमसोबतच) येत आहेत. मात्र ती ठेवण्याची जागा सतत बदलत गेली: आधी टेबलाच्या खणातल्या फ्लॉपीवर, मग त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात, मग कुलपाआड आणि आता इंटरनेटच्या दुसऱ्या टोकाला. या स्थलांतराची कारणे पाहिली, तर आजची दुरुस्ती कधी पाच मिनिटांत का उरकते आणि कधी दिवसभर का रखडते, हे समजते.

मुळात अपडेटचा बिघाड नेमका सुरू होतानाच का उघड होतो, हे आधी पाहिले पाहिजे. चालू प्रणालीत कर्नल (प्रणालीचा गाभा), ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) आणि महत्त्वाच्या फाइली सतत वापरात असतात, आणि विंडोजमध्ये वापरात असलेली फाइल सहसा बदलता येत नाही. त्यामुळे नव्या फाइली बाजूला आणून ठेवल्या जातात, अदलाबदलीची नोंद केली जाते आणि प्रत्यक्ष बदल बंद-चालू होण्याच्या संधिकाळात उरकला जातो. पडद्यावर ‘संगणक बंद करू नका’ अशी विनंती झळकते ती याच वेळी. या टप्प्यावर वीज गेली, डिस्क भरली किंवा नवा ड्रायव्हर हार्डवेअरशी जुळला नाही, तर ज्या प्रणालीने चूक दुरुस्त करायची तीच अर्धवट अवस्थेत असते. ‘बूट’ हा शब्दही बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःला वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून आला आहे. ती पट्टीच तुटली, तर बाहेरून कोणीतरी हात द्यावा लागतो.

विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात हा बाहेरचा हात म्हणजे बूट फ्लॉपी, म्हणजे संगणक जिच्यावरून सुरू करता येई अशी फ्लॉपी. १९९३च्या एमएस-डॉस ६ मध्ये संगणक सुरू होताना एफ५ दाबून सुरुवातीच्या सगळ्या सूचना टाळण्याची आणि एफ८ दाबून त्या एकेक करून तपासण्याची सोय आली. १९९५च्या विंडोज ९५ ने त्याच एफ८च्या मागे ‘सेफ मोड’ आणला. त्यात अत्यावश्यक ड्रायव्हर तेवढे घेऊन प्रणाली उभी राहते आणि दोषी घटक काढून टाकता येतो. विंडोज एनटी या व्यावसायिक शाखेत ‘शेवटची व्यवस्थित चाललेली मांडणी’ परत आणण्याचा पर्याय होता. २००० साली विंडोज एमईमध्ये सिस्टम रिस्टोअर आले. विंडोज एमई ही आवृत्ती स्वतः फारशी नावाजली गेली नाही, पण बदलापूर्वी खूण करून ठेवायची आणि गरज पडल्यास तिथवर मागे यायचे, ही तिची कल्पना टिकली.

तोवर अपडेट ही क्वचित घडणारी आणि वापरकर्त्याने स्वतः केलेली गोष्ट होती. विंडोज अपडेटची ऑनलाइन सेवा १९९८च्या सुमारास आली तरी ती वापरणे न वापरणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते. २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर या वर्मने (नेटवर्कवरून आपणहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) हे चित्र बदलले. तो ज्या त्रुटीतून शिरत होता, तिचा उपाय मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिलेला होता. असंख्य लोकांनी तो बसवला नव्हता, एवढेच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा-अपडेट देण्याची प्रथा सुरू झाली (अमेरिकेतल्या घड्याळामुळे भारतात तिचा परिणाम बुधवारी सकाळी दिसतो), आणि २००४च्या ऑगस्टमधील विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या सुधारणासंचाने स्वयंचलित अपडेटचा आग्रह धरला. हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे चुकीचा उपायही आता एकाच रात्रीत जगभर पोहोचू लागला.

त्याची प्रचिती लवकरच आली. २००८च्या फेब्रुवारीत विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकची पूर्वतयारी म्हणून दिलेल्या एका अपडेटने काही संगणक पुन्हा पुन्हा सुरू होण्याच्या चक्रात अडकले आणि त्याचे वितरण थांबवावे लागले. २०१०च्या फेब्रुवारीतले प्रकरण याहून चमत्कारिक होते. कर्नलच्या एका सुरक्षा-अपडेटनंतर एक्सपीच्या अनेक संगणकांवर प्रणाली कोसळल्याचा निळा पडदा येऊ लागला आणि दोष साहजिकच अपडेटवर आला. तपासात निघाले ते असे, की या संगणकांत अल्युरॉन नावाचा रूटकिट (प्रणालीत खोलवर लपणारा घातक प्रोग्राम) आधीपासून लपून बसला होता आणि तो कर्नलमधल्या ठरावीक पत्त्यांवर विसंबून होता. अपडेटने ते पत्ते हलवले आणि चोरासकट घर कोसळले. रूटकिटच्या कर्त्यांनी काही दिवसांतच आपल्या रूटकिटची सुधारित आवृत्ती काढून ही अडचण दूर केली, यातला विनोद कडवट आहे. त्याच वर्षी २१ एप्रिलला मॅकॅफी या विषाणूविरोधी प्रोग्रामच्या विषाणूयादीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने एक्सपीची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइलच विषाणू ठरवली. संगणक वारंवार बंद-चालू होऊ लागले आणि त्यांचे नेटवर्कही गेले, त्यामुळे दुरुस्तीची फाइल प्रत्येक यंत्राजवळ हाताने न्यावी लागली. चौदा वर्षांनी हेच दृश्य कितीतरी मोठ्या प्रमाणावर दिसणार होते.

मधल्या काळात दुरुस्तीची जागा बदलली होती. व्हिस्टासोबत ‘रिकव्हरी एन्व्हायर्न्मेंट’ ही छोटी स्वतंत्र प्रणाली आली आणि २००९च्या विंडोज ७ पासून ती मूळ मांडणीतच हार्ड डिस्कवर बसवली जाऊ लागली. मुख्य प्रणाली पडली, तरी शेजारच्या या खोलीतून स्टार्टअप रिपेअर, सिस्टम रिस्टोअर किंवा कमांड प्रॉम्प्ट वापरता येऊ लागले. डीव्हीडी शोधण्याची गरज उरली नाही. २०१२च्या विंडोज ८ मध्ये मात्र एक अजब अडचण उभी राहिली. संगणक इतक्या झपाट्याने सुरू होऊ लागला, की एफ८ दाबण्यासाठी मिळणारा अवधी २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी उरला. मायक्रोसॉफ्टने अखेर ही कळच मूळ मांडणीत निष्क्रिय केली. तेव्हापासून सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या पर्यायांकडे वळते. दुरुस्ती करणारे आजही बटण दाबून धरून संगणक दोन-तीनदा मुद्दाम अर्ध्यातच बंद करतात, त्यामागे हेच कारण आहे. हा उपाय दिसायला अडाणी, पण चालणारा आहे.

याच सुमारास वाटेवर कुलपेही आली. यूईएफआय (संगणक सुरू करणारे नव्या पद्धतीचे मूळ सॉफ्टवेअर) आणि त्यातले सिक्युअर बूट यांमुळे सही नसलेला बूट-प्रोग्राम चालेनासा झाला, आणि विंडोजच्या बिटलॉकरसारख्या कूटबद्धीकरणामुळे (एन्क्रिप्शनमुळे) डिस्क चोरीला गेली तरी वाचता येईनाशी झाली. दोन्हींचा हेतू संरक्षणाचा असला, तरी बिघडलेल्या संगणकाचा मालकही आता कुलपाबाहेरच उभा राहतो. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल, तर डिस्कवरची दुरुस्तीची साधने असून नसल्यासारखी होतात. अनेक घरगुती संगणकांत ही की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मात्र आपली डिस्क कूटबद्ध आहे, हेच त्या मालकाला बहुधा तेव्हा प्रथम कळते.

विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्स प्रणालीच्या जगाने या बाबतीत एक साधे शहाणपण फार आधीपासून पाळले आहे. नवा कर्नल बसवताना जुना पुसला जात नाही. ग्रब या सुरुवातीलाच चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीतून मागचा कर्नल निवडला, की बहुतेक वेळा संगणक पूर्ववत सुरू होतो. फेडोरा ही लिनक्सची आवृत्ती मूळ मांडणीत असे तीन कर्नल ठेवते. पण ही सोय ग्रबच्या यादीपर्यंत पोहोचल्यावरची आहे. २०२०च्या जुलैअखेर ग्रबमधील बूटहोल या त्रुटीवर रेड हॅट या लिनक्स कंपनीने दिलेल्या अपडेटनंतर काही सर्व्हर त्या यादीपर्यंतही पोहोचेनात, कारण बिघाड ग्रब आणि शिम (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) या पहिल्याच पायऱ्यांवर होता. २०२४च्या ऑगस्टमध्ये तर विंडोजच्या मासिक अपडेटने एकाच संगणकावर शेजारी नांदणारे लिनक्स बंद पाडले. सिक्युअर बूटच्या नव्या नियमाने जुने शिम नाकारले होते आणि सिक्युअर बूट तात्पुरते बंद केल्याशिवाय अनेकांना लिनक्स उघडता आले नाही. क्रोमबुकने आणि पुढे २०१६ पासून अँड्रॉइडने याहून पक्का मार्ग धरला. तिथे प्रणालीच्या दोन प्रती असतात, अपडेट निष्क्रिय प्रतीवर होते आणि नवी प्रत उभी राहिली नाही, तर यंत्र आपणहून जुनीकडे परतते.

एवढ्या पूर्वानुभवानंतरही १९ जुलै २०२४ चा दिवस उगवलाच. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या विंडोज ग्राहकांना २९१ क्रमांकाची एक आशय-फाइल (हल्ले ओळखण्याच्या नियमांची फाइल) पाठवली. तिच्यातील नियम २१व्या रकान्यातली माहिती तपासू पाहत होते, आणि ती पुरवणारा प्रोग्राम २०च रकाने देत होता. नसलेला रकाना वाचण्याच्या प्रयत्नात कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर कोसळला, आणि त्याच्यासोबत विंडोजही. हा ड्रायव्हर सुरू होण्याच्या अगदी पहिल्या टप्प्यातच चढत असल्याने प्रत्येक नव्या प्रयत्नात तेच घडत राहिले. ७८ मिनिटांनी फाइल मागे घेतली गेली, पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख यंत्रे बाधित झाली होती. जगभरच्या विंडोज यंत्रांच्या तुलनेत ती एक टक्क्याहूनही कमी होती. तरीही विमानतळ, रुग्णालये आणि बँका अडखळल्या. मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर चेक-इन खोळंबले आणि काही ठिकाणी प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. भारतीय बँकांवरचा परिणाम मात्र किरकोळ राहिला. रिझर्व्ह बँकेने दहा बँका आणि बिगर-बँक वित्तसंस्थांमध्ये अडथळे आल्याचे सांगितले.

उपाय एका ओळीत सांगता येण्याजोगा होता: सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरी एन्व्हायर्न्मेंटमध्ये शिरायचे आणि क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधली २९१ क्रमांकाची फाइल पुसायची. अडचण होती ती तिथवर पोहोचण्याची. सुरूच न होणाऱ्या यंत्रावर दुरून काही पाठवता येत नाही, त्यामुळे तंत्रज्ञांना एकेका यंत्रासमोर जाऊन उभे राहावे लागले, आणि जिथे बिटलॉकर होते तिथे आधी ४८ अंक टंकावे लागले. काही ठिकाणी या कींची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोच सर्व्हर पडलेला होता. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेवरील आभासी यंत्रांच्या काही ग्राहकांना तर पंधरा वेळा बंद-चालू केल्यावर यश आले, कारण एखाद्या फेरीत ड्रायव्हर कोसळण्याआधी दुरुस्त फाइल उतरून जाई. मायक्रोसॉफ्टने त्या शनिवार-रविवारी यूएसबीवरून चालणारे दुरुस्ती-साधन दिले. म्हणजे तीस वर्षांनी उपाय पुन्हा हातात धरून नेण्याच्या वस्तूवर आला.

त्यानंतरचा प्रयत्न मनुष्याला यंत्राजवळ जावेच लागू नये, असा आहे. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेली आणि २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये आलेली ‘क्विक मशीन रिकव्हरी’ ही सोय, प्रणाली वारंवार पडल्यास रिकव्हरी एन्व्हायर्न्मेंटमधूनच नेटवर्कला जोडते आणि उपाय मिळाला तर उतरवून घेते. हे सगळे अर्थातच त्या शेजारच्या खोलीच्या भरवशावर चालते, आणि ती खोलीही अपडेटमधून सुटलेली नाही. २०२४च्या जानेवारीत तिचेच सुरक्षा-अपडेट अनेक संगणकांवर बसेना, कारण डिस्कवर तिच्यासाठी पूर्वी आखलेले पार्टिशन (राखीव भाग) अपुरे पडत होते. मायक्रोसॉफ्टने ते कमांड लिहून २५० एमबीने वाढवण्याची सूचना केली, जी घरगुती वापरकर्त्याकडून अपेक्षिणे हे जरा धाडसाचेच होते. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर तर विंडोज ११ च्या रिकव्हरी एन्व्हायर्न्मेंटमध्ये यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. दुरुस्तीचे सगळे पर्याय पडद्यावर दिसत, पण निवडता एकही येत नसे. सहा दिवसांनी दुरुस्ती आली. ज्यांचा संगणक सुरूच होत नव्हता, त्यांना मायक्रोसॉफ्टने टचस्क्रीन, आधी करून ठेवलेला यूएसबी रिकव्हरी ड्राइव्ह किंवा आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ जोडणीचा, गोल पिनेचा जुना कीबोर्ड वापरायला सुचवले.