प्रदूषक पिंजऱ्यात शिरतो तेव्हाची उष्णता

पाण्यात विरघळलेलं बिस्फेनॉल-ए साध्या गाळणीला दाद देत नाही. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकसाठी लागणारं हे रसायन सुट्या रेणूंच्या रूपात पाण्यात असतं; त्याला धरायचं तर सापळाही रेणूच्याच मापाचा हवा. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन हा तसा सापळा. स्टार्चवर विकरांची क्रिया करून तो मिळवतात. ग्लुकोजचे सात घटक कड्यात गुंफले जाऊन बूड नसलेल्या पेल्यासारखा आकार होतो. बाहेरून तो पाण्यात रमतो, आतली सुमारे 0.6 नॅनोमीटर रुंद पोकळी मात्र पाण्याशी फटकून असते. बिस्फेनॉलचं बेंझिन कडं तिथे छान बसतं.

बसलं हे ओळखायचं उष्णतेवरून. त्यासाठीच्या कॅलरीमीटरमध्ये दोन इवल्या कुप्या एकाच तापमानाला ठेवतात: एकीत नुसतं पाणी, दुसरीत बिस्फेनॉलचं द्रावण. सिरिंजमधून दुसऱ्या कुपीत थेंबाथेंबाने पिंजरे, म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन, सोडतात. सिरिंजमध्ये पिंजरेच भरतात, कारण तिथे दाट द्रावण लागतं आणि बिस्फेनॉल लिटरभर पाण्यात जेमतेम 300 मिलिग्रॅम विरघळतं.

आता हिशेब करू. एका थेंबातून 50 नॅनोमोल (मोल हे रेणू मोजायचं एकक, नॅनोमोल त्याचा अब्जावा भाग) पिंजरे गेले, सगळे भरले आणि मोलमागे 25 किलोज्यूल उष्णता निघाली असं धरलं, तर मिळाले सव्वा मिलिज्यूल. कुपीतलं 1.4 मिलिलिटर पाणी त्याने 0.0002 अंशाने तापेल. यंत्र तेवढंही तापू देत नाही. हीटरची वीज कमी करतं, आणि किती कमी केली तीच नोंद आपल्या कामाची.

कुपीतले बिस्फेनॉलचे सुटे रेणू संपत आले की प्रत्येक थेंबाची उष्णता घटते. ती किती झपाट्याने घटते यावरून पकड किती घट्ट ते कळतं. नुसतं द्रावण पातळ झाल्यानेही थोडी उष्णता निघते किंवा शोषली जाते; ती वेगळी मोजून वजा करावी लागते. हे कंटाळवाणं काम टाळलं, तर आकड्यांना अर्थ नाही.

मला यातली खरी गंमत वाटते ती पाण्याची. पोकळीत आधी अडकलेल्या पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधांसाठी पुरेसे जोडीदार नसतात. पाहुणा आला की ते बाहेर पडतात, त्यांना जोडीदार मिळतात आणि उष्णता सुटते. म्हणजे मोजलेल्या आकड्यात प्रदूषकाबरोबर पाण्याचाही वाटा असतो.

पकड जितकी घट्ट तितकी चांगली, असंही नाही. गाळणी पुन्हा वापरायची तर पिंजरा रिकामा करता यायला हवा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम डिक्टेल यांच्या गटाने 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचा सच्छिद्र पॉलिमर मांडला. त्यात अडकलेलं बिस्फेनॉल साध्या तापमानाला मिथेनॉलने धुतलं की सुटतं.