नोकरीमागील हेतूचा प्रश्न

नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराला ती नोकरी का हवी आहे, हे जाणून घेण्यासाठी मुलाखतीत किंवा अर्जात विचारला जाणारा प्रश्न. ‘आमच्याकडेच का?’, ‘सध्याची नोकरी का सोडताय?’, ‘इंजिनिअर होऊन बँकेत का?’, ‘प्रशासनात का यायचंय?’ ही त्याची नेहमीची रूपे. पदवी, परीक्षेतील गुण, कोडिंगची चाचणी किंवा कारखान्यातील ट्रेड टेस्ट यांवरून उमेदवाराला काम जमेल का, ते समजते. तो रुजू होईल का, झाल्यावर टिकेल का आणि रोजचे काम नेमके काय असते याची त्याला कल्पना आहे का, हे त्यांतून समजत नाही. हेतूचा प्रश्न या तीन शंकांसाठी असतो. पुष्कळ उमेदवार मात्र तो निष्ठेची परीक्षा समजतात आणि कंपनीची स्तुती करतात. अशा उत्तराने तीनपैकी एकही शंका फिटत नाही.

विचारण्याची कारणे

पहिली शंका रुजू होण्याची. भारतातील आयटी क्षेत्रात नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करायचा काळ, बहुधा ६० ते ९० दिवसांचा असतो. ऑफर लेटर हाती पडल्यापासून जॉइनिंगपर्यंतच्या या दोन-तीन महिन्यांत उमेदवार तेच पत्र दाखवून दुसरीकडे जास्त पगार मागू शकतो, किंवा आहे तिथेच पगार वाढवून घेऊन थांबतो. कंपनी तोपर्यंत जागा अडवून बसलेली असते, बाकीच्या उमेदवारांना नकार कळवलेला असतो आणि शेवटच्या आठवड्यात निरोप येतो, की मी येत नाही. म्हणून भरती करणारे पहिल्या फोनवरच ‘बदल का हवा आहे?’ असे विचारतात. उत्तरात फक्त पगार असेल, तर सध्याची कंपनी तो वाढवून देऊन माणूस थांबवू शकते. रात्रपाळी नको आहे, सपोर्टमधून डेव्हलपमेंटला जायचे आहे, घर नाशिकला असल्याने तिकडे यायचे आहे, अशी कारणे काउंटर ऑफरने सहसा मिटत नाहीत. अनुभवी एचआर अधिकारी उत्तर ऐकताना हेच तपासतो: ही अडचण उमेदवाराची जुनी कंपनी उद्या पैशाने सोडवू शकेल का?

दुसरी शंका टिकण्याची. सार्वजनिक बँकांच्या अधिकारी भरतीत ती सर्वांत स्पष्ट दिसते. बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या प्रोबेशनरी ऑफिसर निवडीत मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचे वजन ८०:२० असते, आणि मुलाखतीला येणाऱ्यांत अभियांत्रिकीचे पदवीधर मोठ्या संख्येने असतात. पॅनेलची भीती अशी, की हा उमेदवार बँकेत बसून राज्यसेवेचा किंवा यूपीएससीचा अभ्यास करील आणि निकाल लागला की राजीनामा देईल. तोवर प्रशिक्षणाचा खर्च झालेला असतो, प्रोबेशन जेमतेम संपत आलेले असते आणि ग्रामीण शाखेतली खुर्ची पुन्हा रिकामी होते. काही बँका यासाठी बॉण्ड घेतात. किमान ३ वर्षांची सेवा न केल्यास २ लाख रुपये भरावे लागतील, ही विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २७ प्रमाणे ती व्यवसायबंदी, म्हणजे माणसाला काम-धंदा करण्यापासून रोखणारी अट, ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सार्वजनिक बँकेला खुली जाहिरात देऊन लांबलचक आणि खर्चिक भरतीप्रक्रिया पुन्हा राबवावी लागते, हा मुद्दाही निकालात आला. बॉण्डमुळे नुकसानीचा काही भाग भरून येतो, पण मन नसलेला माणूस तीन वर्षे बसून राहिला तर त्यावर बॉण्डचा इलाज नाही. म्हणून बॉण्ड असला तरी प्रश्न विचारला जातोच.

तिसरी शंका कामाच्या कल्पनेची, आणि मुलाखतीत तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ‘मला लोकांशी बोलायला आवडतं’ असे सांगून कस्टमर सपोर्टला आलेल्या मुलाला दिवसभर चिडलेल्या माणसांच्या तक्रारी ऐकायच्या असतात. परचेस विभागात येणाऱ्याला वाटते, की काम वाटाघाटींचे आहे. प्रत्यक्षात निम्मा दिवस अडकलेल्या मालाच्या पाठपुराव्यात जातो. संशोधक जॉन वॅनस यांनी १९७३ मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीत उमेदवारांच्या एका गटाला कामाची फक्त चांगली बाजू दाखवणारी फिल्म दाखवली, दुसऱ्याला कंटाळवाण्या आणि कडक शिस्तीच्या बाजूसह. दुसऱ्या गटाच्या अपेक्षा अधिक वास्तव होत्या आणि नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले. तेव्हा हेतू विचारण्यापूर्वी मालकानेही कामाचे खरे वर्णन करायला हवे. कामाचे चुकीचे चित्र रंगवून मग ‘तुम्हाला हे का आवडेल?’ असे विचारले, तर मिळणारे उत्तर निरुपयोगी असते.

लोकसेवा आयोग आणि सैन्यदले

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीला आहेत. मंडळाला लेखी परीक्षेचे गुण माहीत नसतात. त्यांच्यापुढे उमेदवाराच्या तपशीलवार अर्जाचा सारांश असतो, त्यात शिक्षण, नोकरी, छंद आणि सेवांचा पसंतीक्रम दिलेला असतो. हेतूच्या प्रश्नाला वेगळे गुण नाहीत, पण पुढच्या प्रश्नांचा धागा त्यातून निघतो. डॉक्टर उमेदवाराला हमखास विचारतात, ‘शासनाने तुमच्या शिक्षणावर खर्च केला, आता व्यवसाय का सोडता?’ ‘समाजसेवा करायची आहे’ या उत्तरावर लगेच येते, ‘ती दवाखान्यात होत नव्हती का?’ आणि तिथे बोलणे खुंटते. प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना औषधसाठा कुठे अडतो, रिकामी पदे कोण भरतो, त्यातले कोणते निर्णय जिल्हा पातळीवर होतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याचे उत्तर आपोआप पुढे सरकते. मराठी माध्यमातून मुख्य परीक्षा देणाऱ्याला ही मुलाखत मराठीत देता येते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी वर्णनात्मक पद्धत स्वीकारताना लेखीला १७५० आणि मुलाखतीला २७५ गुण अशीच रचना घेतली. पुण्यातील विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर तिची अंमलबजावणी २०२५ पासून ठरली.

सैन्यदलांच्या सेवा निवड मंडळात, म्हणजे एसएसबीत, हेतू थेट विचारतात आणि आडूनही तपासतात. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे उमेदवाराने भरलेली वैयक्तिक माहितीची प्रश्नावली असते. मानसशास्त्रीय चाचणीत एकेक चित्र ३० सेकंद दाखवून चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. अशी १२ चित्रे, त्यांतले शेवटचे कोरे. मग ६० शब्द, प्रत्येकावरून १५ सेकंदांत सुचेल ते वाक्य लिहायचे. एवढ्या वेगात पाठ केलेले उत्तर सांभाळणे कठीण जाते. गोष्टीतला नायक जबाबदारी घेतो की दुसऱ्याची वाट पाहतो, हे मानसशास्त्रज्ञ वाचतो, आणि ‘लहानपणापासून वर्दीचे आकर्षण’ या मुलाखतीतल्या वाक्याशी ते जुळते का ते पाहिले जाते.

पगाराचे नाव

पगारासाठी नोकरी हवी आहे, हे बहुतेकांचे खरे कारण असते आणि तेच बोलायचे नाही असा संकेत आहे. या संकेताला काही आधार मानसशास्त्राने दिला. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांच्या अभ्यासातून मांडले, की पगार, देखरेख आणि कामाची परिस्थिती नाराजी टाळतात, तर समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात: प्रत्यक्ष काम, यश, जबाबदारी. यावरून मुलाखत घेणाऱ्यांनी सोयीचा निष्कर्ष काढला, की जो पगाराचे बोलतो त्याला कामात रस नाही. तसे काही सिद्ध झालेले नाही. एकाच माणसाला काम आवडू शकते आणि घरही चालवायचे असते. रेली डर्फलर-रोझिन आणि मार्को पितेसा यांनी २०२० मध्ये हा पूर्वग्रह प्रयोगांतून दाखवला: उमेदवाराने पगार-सवलतींचा उल्लेख केला, की निवड करणारे त्याची कामातली आवड कमी समजतात आणि त्याला निवडण्याकडे त्यांचा कल कमी होतो. घरातला पहिला कमावता मुलगा किंवा मुलगी या पूर्वग्रहाला सर्वांत आधी बळी पडते, कारण गरज लपवण्याची सवय तिथे नसते. पॅनेलने त्यासाठी गुण कापणे अन्यायाचे आहे. दुसरीकडे, केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांना २०१८ च्या अभ्यासात आढळले, की कामाच्या आवडीबद्दल बोलण्याला मालक किती महत्त्व देतात याचा अंदाज उमेदवारांना कमी पडतो. म्हणून व्यवहार्य क्रम असा: आधी काम, मग ठिकाण किंवा शिकण्याची संधी आणि त्यानंतर पगार, पण वगळायचा नाही.

विचारण्याची पद्धत

गप्पांच्या ओघात विचारलेल्या प्रश्नापेक्षा आखीव मुलाखत कामगिरीचा अंदाज चांगला देते. संशोधक श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या आढाव्यात तिचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही) ०.५१, तर मोकळ्या मुलाखतीचा ०.३८ होता. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दुरुस्त केलेले आकडे अनुक्रमे ०.४२ आणि ०.१९ आहेत, म्हणजे दोहोंतले अंतर आणखी वाढले. आखीव म्हणजे सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि गुणांचे निकष आधी लिहून ठेवलेले. हेतूसाठी पाच गुणांची पट्टी पुरते. कंपनीची मोघम स्तुती असेल तर १. पदाची जबाबदारी बरोबर सांगता आली तर ३. स्वतःच्या मागच्या कामातला एखादा तुकडा या पदाच्या विशिष्ट भागाशी जोडून दाखवला आणि न आवडणारी बाजूही ओळखली तर ५. प्रत्येक सदस्याने चर्चेआधी आपले गुण लिहायचे; नाहीतर ज्येष्ठ सदस्याचा चेहरा पाहून सगळे एका आकड्यावर येतात.

‘का हवी आहे?’ हा सरळ प्रश्न वाईट नाही, पण त्याचे उत्तर सगळे पाठ करून येतात. आडून विचारलेले अधिक उपयोगी पडते. ‘या पदाच्या वर्णनातले कोणते काम तुम्हाला सर्वांत कमी आवडेल?’ याला उत्तर देण्यासाठी वर्णन वाचलेले असावे लागते. ‘मागच्या वेळी नोकरी बदलली तेव्हा काय अपेक्षा होती आणि काय मिळाले?’ यातून माणूस कशासाठी हलतो ते दिसते. ‘दोन ऑफर हातात असतील तर कशावर ठरवाल?’ हा रुजू होण्याच्या शंकेला थेट भिडतो. उत्तर मोघम आले तर एकदा उदाहरण मागावे. दुसऱ्यांदाही मोघमच आले तर पुढे जावे, ताणू नये.

चुका

सर्वांत गंभीर चूक ‘टिकेल का’ या शंकेच्या नावाखाली होते. मुलींना ‘लग्न ठरलंय का?’, ‘मिस्टरांची बदली झाली तर?’ असे विचारले जाते, मुलांना नाही. समान वेतन अधिनियम १९७६ ने भरतीत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई केली आणि वेतन संहिता २०१९ मध्ये ती तरतूद कायम आहे. शंका खरी असेल तर अट सर्वांपुढे सारखी ठेवता येते: ‘पहिली दोन वर्षे ग्रामीण शाखा आहे, महिन्यात आठवडाभर फिरती आहे, हे जमेल का?’

दुसरी चूक आपल्यासारखा माणूस शोधण्याची. लॉरेन रिव्हेरा यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील कायदा, सल्लागार आणि गुंतवणूक बँकिंग कंपन्यांच्या भरतीत दाखवले, की निवड करणारे छंद, अनुभव आणि बोलण्याची ढब आपल्याशी जुळणाऱ्यांना झुकते माप देतात. ‘उत्साह दिसला नाही’ हा शेरा त्यामुळे तपासून पाहावा लागतो. तालुक्याच्या कॉलेजातून आलेला मुलगा इंग्रजीत अडखळत असेल तर पॅनेल हेतूचे गुण भाषेला देत असते. कामाला इंग्रजी संभाषण लागत नसेल, तर हा प्रश्न मराठीत विचारल्याने मोजमाप सुधारते.

उमेदवाराचे उत्तर

उत्तर दीड मिनिटात संपावे. त्यात पदातले एक ठरावीक काम, त्याला जोडणारा स्वतःचा अनुभव किंवा प्रकल्प, आणि आत्ताच बदल का, एवढे पुरते. फ्रेशरने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घ्यावा, पण त्यातला स्वतः केलेला भाग सांगावा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवालातील व्यवस्थापनाचे विवेचन वाचले, की नवे प्रकल्प आणि अडचणी दोन्ही कळतात. ठिकाणाचे कारण लाजून लपवू नये: कुपवाड किंवा वाळूजच्या कारखान्याला ‘आईवडील इथेच असतात, इथेच राहायचे आहे’ हे वाक्य दिलासा देते, कारण तिथली शिकवून तयार केलेली माणसे पुण्या-मुंबईकडे जातात. जुन्या वरिष्ठांवर टीका टाळावी. तीच घटना ‘तिथे मला अमुक काम मिळत नव्हते’ अशी सांगता येते. स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षे विचारली तर किती प्रयत्न झाले आणि ते थांबवले आहेत की चालू आहेत, हे स्पष्ट सांगावे. ‘बघू’ हे उत्तर पॅनेल ‘चालू आहेत’ असेच वाचते.

इतरत्र आणि प्रश्न नसलेली भरती

फ्रान्समध्ये अर्जासोबत लेत्र द मोतिव्हासिओं हे हेतूचे स्वतंत्र पत्र देण्याची रूढी आहे. जपानमध्ये रिरेकिशो या छापील परिचयपत्रातच शिबो दोकी, म्हणजे अर्जामागील कारण, लिहिण्याचा रकाना असतो. भारतात ते बहुधा तोंडीच विचारले जाते.

केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित), क आणि ड पदांच्या मुलाखती बंद केल्या. वशिला आणि पैशाला वाव राहू नये हे त्याचे मुख्य कारण होते. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीतही ५० गुणांची मैदानी आणि १०० गुणांची लेखी चाचणी असते, मुलाखत नसते. अशा भरतीत हेतू कोणी विचारत नाही. मैदानी चाचणीच्या तयारीला लागण्याआधी पाळ्या, बंदोबस्त आणि सुट्ट्यांबद्दल नोकरीत असलेल्या शिपायालाच विचारून घेणे, हे काम उमेदवाराकडे येते.