शपथ नाकारणारे क्वेकर आणि मताचा हक्क

जानेवारी १६९९ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सने जॉन आर्चडेल यांची जागा रिकामी ठरवली. ते रीतसर निवडून आले होते. अडचण एवढीच की ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते आणि शपथ घ्यायला तयार नव्हते. बायबलात शपथ घेऊ नका असे म्हटले आहे. शिवाय शपथेवरच खरे बोलायचे, तर एरवी खोटे बोलायची मुभा आहे की काय, असा या मंडळींचा रोकडा सवाल असे. शपथेऐवजी नुसती प्रतिज्ञा करून सभागृहात बसायला मिळालेले पहिले क्वेकर खासदार म्हणजे जोझेफ पीझ, आणि तेही १८३३ साली. आपल्याकडचे काही आमदार आज ईश्वरसाक्ष शपथ न घेता ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करतात, त्या सोयीची मुळे या जुन्या हट्टापर्यंत जातात.

प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही क्वेकरांची मूळ श्रद्धा. मताच्या हक्काशी तिचा संबंध उघड आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तालीम. जुन्या परंपरेत पगारी धर्मगुरू नाही, सभेत कोणीही उठून बोलावे, बाईनेही. बायकांच्या कामकाजाच्या सभा वेगळ्या भरत. तिथे इतिवृत्त लिहिणे, पैशांचा हिशेब ठेवणे, वाद मिटवणे हे सारे त्याच करत. बाकीच्या समाजात बायकांना चारचौघांत तोंड उघडायची चोरी असताना इथे पिढ्यान् पिढ्या सभा चालवणाऱ्या बायका तयार झाल्या.

त्याचे फळ १८४८ च्या जुलैत दिसले. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरलू गावी जेन हंट यांच्या घरी पाच जणी चहाला जमल्या. एलिझाबेथ कॅडी स्टँटन सोडल्या तर बाकी साऱ्या क्वेकर वळणाच्या. त्यांतल्या मार्था राइट यांना तर पंथाबाहेर लग्न केले म्हणून पूर्वीच काढून टाकलेले. स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरवायचे तिथेच ठरले. जाहीरनाम्याचा मसुदा त्या पाच जणींतल्याच एकीच्या, मॅक्लिंटॉक कुटुंबाच्या दिवाणखान्यातल्या गोल टेबलावर तयार झाला. ते टेबल आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९ आणि २० जुलैला सेनेका फॉल्सच्या चर्चमध्ये परिषद झाली आणि जाहीरनाम्यावर ६८ स्त्रिया व ३२ पुरुषांनी सह्या केल्या. मताच्या हक्काचा ठराव मात्र चहाला जमलेल्यांतल्याच ल्युक्रेशिया मॉट यांनाच धाडसी वाटला होता. अशाने आपले हसे होईल, असे त्या म्हणाल्याचे स्टँटन यांनी पुढे सांगितले. ठराव तरला, त्यात गुलामगिरीतून निसटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या पाठिंब्याचा मोठा वाटा होता.

इथे क्वेकरांची आरती ओवाळायचा मोह आवरलेला बरा. परिषदेच्या महिनाभर आधी, जूनमध्येच, त्या भागातल्या क्वेकरांच्या वार्षिक सभेत फूट पडली होती. गुलामगिरीविरुद्ध उघडपणे काम करणे पंथातल्या जुन्यांना रुचत नव्हते, आणि हंट–मॅक्लिंटॉक मंडळी फुटून निघालेल्यांत होती. फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांना सभागृहात वेगळ्या बाकावर बसवत. इंग्लंडमध्ये कामगारांच्या मतासाठी सभा गाजवणारे क्वेकर खासदार जॉन ब्राइट पुढे स्त्रियांच्या मताच्या विरोधात गेले. त्यांचेच भाऊ जेकब ब्राइट यांनी १८७० मध्ये स्त्रियांच्या मतासाठी विधेयक मांडले होते!

नंतरची नावे परिचयाची आहेत. क्वेकर घरात वाढलेल्या सुझन अँथनी यांनी १८७२ मध्ये बेधडक मत दिले, अटक ओढवून घेतली आणि १०० डॉलरचा दंड कधीच भरला नाही. न्यू जर्सीच्या क्वेकर ॲलिस पॉल यांनी १९१७ पासून व्हाइट हाउससमोर मूक निदर्शने चालवली, तुरुंगात उपोषण केले. १९२० मध्ये अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती झाली.

दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीयांना त्यानंतरही मत दूरच होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीचा १९६३ चा वॉशिंग्टन मोर्चा ज्यांनी उभा केला ते बेयार्ड रस्टिन क्वेकर होते. १९४८ मध्ये ते भारतात येऊन गांधीजींच्या अनुयायांना भेटून गेले होते. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी बंधनकारक केली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणती राज्ये या तरतुदीखाली येतात ते ठरवणारे सूत्रच रद्द केले. कायद्याचे दातच गेले.

तेव्हापासून ती तरतूद परत आणण्याचा आग्रह धरणाऱ्यांत १९४३ मध्ये स्थापन झालेली क्वेकरांची फ्रेंड्स कमिटी ऑन नॅशनल लेजिस्लेशन आहे. गंमत अशी की क्वेकर स्वतःच्या सभेत मतदान घेतच नाहीत. सर्वांचे ऐकून सभेचा कल काय ते क्लर्क, म्हणजे सभेचे कामकाज चालवणारा, लिहून वाचून दाखवतो, आणि सभा मान्य करेपर्यंत तो ठराव होत नाही.

या संस्थेचा खास भर मूळ अमेरिकी जमातींच्या मतदानावर आहे. राखीव प्रदेशांतल्या कित्येक घरांना रस्ता नाही, क्रमांक नाही. टपाल येते ते पोस्टातल्या पेटीत. नॉर्थ डकोटाने ओळखपत्रावर राहत्या घराचा पत्ता सक्तीचा केला, तेव्हा हे मतदार अडकले. २०२० मध्ये न्यायालयीन तडजोडीतून, नकाशावर घराची जागा दाखवली तरी चालेल, असे ठरले. केंद्राच्या परवानगीची ती तरतूद परत आणणारे, देशभरासाठीचे जॉन लुईस विधेयक मात्र २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडले.