पार्श्वभूमी : कार्बोरेटर टर्बोच्या आधी की नंतर?

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र, आणि बूस्ट म्हणजे त्याने दिलेला जादा दाब. पेट्रोल इंजेक्शन येण्यापूर्वीच्या टर्बो गाड्यांची चर्चा बहुधा बूस्ट किती आणि अश्वशक्ती किती, एवढ्यावरच थांबते. खरा वाद कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, जागेचा होता. हवा दाबणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या, आधी तो बसवला, तर तयार मिश्रणच कॉम्प्रेसरमधून जाते. ही ओढीची मांडणी. नंतर बसवला, तर दाबलेली हवा कार्बोरेटरमधून ढकलली जाते, ही फुंकीची.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकता येतो. तेव्हा हवा दाबायला टर्बो नव्हे, तर इंजिननेच फिरवलेला ब्लोअर असे. रूट्स ब्लोअर हे मुळात एकोणिसाव्या शतकातले, भट्ट्यांना वारा घालणारे अमेरिकी यंत्र. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीजने ते प्रवासी गाडीला जोडून दाखवले. पेडल तळापर्यंत दाबले की ब्लोअर इंजिनला जोडला जाई आणि किंचाळत कार्बोरेटरमध्ये हवा फुंकू लागे. १९२४ च्या ग्रां प्री सनबीमने क्रम उलटवला आणि कार्बोरेटर ब्लोअरच्या आधी नेला. वाफ होताना पेट्रोल उष्णता शोषते, त्यामुळे ब्लोअर आणि मिश्रण दोन्ही थंड राहिले. मर्सिडीजने मात्र फुंकीचा हट्ट पुढेही बरीच वर्षे चालवला. डब्ल्यू १२५ या रेसगाडीच्या वेळी, १९३७ च्या हंगामात, तीही ओढीवर आली. ब्लोअर बेंटली पहिल्यापासूनच ओढीची. बेंटलीच्या संस्थापकाला ब्लोअरच नको होता, पण तो वाद वेगळा.

आता गोम कुठे आहे ते पाहू. कार्बोरेटर हवेचे वजन मोजत नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि त्या फरकाच्या ओढीने जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, पेट्रोल येते. हवा घट्ट झाली, तर तेवढेच वजन कमी वेगाने जाते, ओढ कमी पडते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. हिशेब वर्गमुळाचा आहे : घनता दीडपट झाली तर पेट्रोलचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घसरते, दुप्पट झाली तर जवळजवळ ३० टक्क्यांनी. सखल भागात सेट केलेली जुनी फियाट महाबळेश्वरला गेली की रिच, म्हणजे जादा पेट्रोलवर, चालायची, काळा धूर टाकायची. तिथे हवा विरळ, म्हणून उलटा परिणाम. फुंकीच्या गाडीत हेच संकट अवघड वेळी येते. इंजिनवर सर्वाधिक भार असताना, नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप भडकण्याची, भीती सर्वांत जास्त असताना मिश्रण पातळ होते, आणि पातळ मिश्रणावर नॉकिंग म्हणजे पिस्टनला भोक. म्हणून बूस्टखाली जादा पेट्रोल सोडणारी वेगळी वाट द्यावी लागते.

शिवाय फ्लोट चेंबरला, म्हणजे कार्बोरेटरमधल्या तरंगत्या फ्लोटने पातळी राखणाऱ्या पेट्रोलच्या वाटीला, बूस्टचाच दाब पोचवावा लागतो, नाहीतर हवा पेट्रोलला उलट ढकलते. पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा दाबही बूस्टबरोबर चढला पाहिजे. पोकळ पितळी फ्लोट दाबाने चेपतात, थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) दांड्यातून पेट्रोलमिश्रित हवा बॉनेटखाली गळते. ओढीत यातले काही नाही. कार्बोरेटरला बाहेरची साधी हवाच दिसते, बाजारातला साधा कार्बोरेटर चालतो.

म्हणूनच अमेरिकेने ओढ निवडली. १९६२ मध्ये कॉर्वेअर स्पायडर आणि ओल्ड्समोबील जेटफायर जवळपास एकाच वेळी आल्या, दोन्ही टर्बो, दोन्ही ओढीच्या. जेटफायरचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचे प्रमाण, १०.२५ ला १, टर्बोसाठी धाडसीच. नॉकिंग आवरायला पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडले जाई. मालक ती टाकी भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप रोखला जाई आणि गाडी सुस्त वाटे. दोन वर्षांत मॉडेल संपले, पुढे बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवले गेले. यात टर्बोला दोष देणे मला नेहमीच अन्यायाचे वाटते. पण बदनामी त्याचीच झाली. १९७८ ची ब्यूक रीगल आणि १९८० ची टर्बो ट्रान्स अॅम याच वाटेने गेल्या, फक्त आता नॉक ओळखून स्पार्क मागे घेणारे इलेक्ट्रॉनिक्स आले होते.

ओढीची खरी अडचण तेव्हा उघडी पडली. मिश्रणाला टर्बोमधून लांबचा प्रवास, वाटेत भिंतींना चिकटणारे पेट्रोल. थ्रॉटल मिटला की टर्बोच्या आत जोरदार निर्वात तयार होतो आणि शाफ्टच्या सीलमधून तेल खेचले जाते, म्हणून खास कार्बन सील लागते. सगळ्यात वाईट म्हणजे दाबून तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लावण्याची सोय नाही : थंड नळ्यांत पेट्रोल साचते, आणि बॅकफायर झाला तर जळायला भरपूर मिश्रण वाटेत उभेच असते.

युरोपने फुंक उचलली ती यासाठी. १९८० ची लोटस एस्प्री टर्बो डेलॉर्टो कार्बोरेटरांवर, १९८१ ची मासेराती बायटर्बो वेबरवर. मासेरातीने तर अख्खा कार्बोरेटर दाबाच्या पेटीतच बंद केला. आतबाहेर सारखाच दाब, मग फ्लोट चेपायचा प्रश्न नाही. ही कल्पना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते, गाडीची कीर्ती काहीही असो. १९८५ ची रेनॉ ५ जीटी टर्बो म्हणजे १३९७ सीसीचे, पुशरॉडचे म्हातारे इंजिन, त्यावर सोलेक्स कार्बोरेटर, इंटरकूलर आणि ११५ अश्वशक्ती. गरम इंजिन बंद केले की कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळे आणि पाच मिनिटांनी गाडी सुरू व्हायला नखरे करी. त्यासाठी इंजिन बंद झाल्यावरही कार्बोरेटरवर वारा घालणारा छोटा पंखा दिलेला होता.

पुढे धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक कन्व्हर्टर आला. त्याला मिश्रण क्षणोक्षणी अचूक हवे, ते जेट आणि फ्लोटला जमणारे नव्हते. रेनॉ ५ जीटी टर्बो १९९१ मध्ये बंद झाली. ओढ मात्र अमेरिकेच्या हॉट रॉडवर टिकून आहे : बॉनेट फोडून वर आलेला ६-७१ ब्लोअर, मुळात सहा सिलिंडरच्या, प्रत्येकी ७१ घनइंचांच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा, आणि त्याच्या डोक्यावर शेजारी शेजारी दोन कार्बोरेटर.