आधी एक पट्टा पेरून पाहू

अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९२८च्या सुमारास शेतकऱ्यांना संकरित मक्याचं बियाणं मिळू लागलं. जुन्या वाणांपेक्षा उत्पादन साधारण २० टक्के जास्त, ताटं मजबूत, दुष्काळात तग धरणारी. असं बियाणं वाऱ्यासारखं पसरायला हवं होतं. तरी त्याला १३ वर्षं लागली. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना गाठून हा प्रवास नोंदवला. १९४३ साली तो प्रसिद्ध झाला. १९४१पर्यंत दोघे सोडून सगळे संकरित मक्याकडे वळले होते.

बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण भरवसा बसला तो शेजाऱ्याचं पीक पाहून. आणि तरीही पहिल्या वर्षी जवळपास प्रत्येकानं रानाचा एक तुकडाच या बियाण्याला दिला. मला या अभ्यासातला सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो. संकरित मक्याचे दाणे पुन्हा पेरले, तर पुढच्या पिढीत तो जोम राहत नाही. म्हणजे घरचं बी राखून ठेवायचं सोडून दरवर्षी बियाणं विकत घ्यायचं. वाणासोबत सगळा हिशोबच बदलत होता. तो बदल अख्ख्या रानावर ओढवून घेण्याआधी एक पट्टा पेरून पाहणं, हा शेतकऱ्यानं केलेला प्रयोगच होता.

शेतीत असा प्रयोग वर्षातून एकदा, फार तर दोनदा होतो. हंगाम हुकला की पुढच्या वर्षाची वाट पाहायची. त्यात पाऊसही दरवर्षी वेगळा, त्यामुळे फरक बियाण्यानं पडला की पावसानं, हे एका हंगामात सांगता येत नाही. म्हणून शेजाऱ्याचं शेत इतकं मोलाचं ठरतं. घानातल्या अननस उत्पादकांवरच्या एका अभ्यासात हेच दिसलं. ओळखीतल्या कुणाला अपेक्षेपेक्षा चांगलं पीक मिळालं, की इतरांची खताची मात्रा त्याच्या मात्रेकडे झुकायची, आणि हा परिणाम नवख्या उत्पादकांवर जास्त होता.

उशिरा वळणाऱ्याला मागासलेला म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. झ्वी ग्रिलिकस या अर्थशास्त्रज्ञानं १९५७ साली दाखवलं, की संकरित मका जिथं जास्त फायदा देत होता तिथं तो वेगानं पसरला. काही भागांत तर तिथल्या हवामानाला चालणारा वाणच उशिरा तयार झाला.

पण यंत्राचा पट्टा कसा पेरणार? स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल यांनी १८७८ साली साय वेगळी करणारं यंत्र बनवलं. दूध वेगानं फिरवलं की जड भाग बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि हलकी साय मधे गोळा होते. एरवी साय आपसूक वर येईपर्यंत तासन्‌तास थांबावं लागे. चार-पाच गाईंच्या मालकाला मात्र हे यंत्र परवडणारं नव्हतं, आणि तेवढ्या दुधावर ते चाललंही नसतं. १८८२ साली डेन्मार्कमधल्या येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी सहकारी दुग्धालय काढलं आणि दूध एकत्र केलं. पुढच्या दहा वर्षांत देशभर अशी शेकडो दुग्धालयं उभी राहिली. तंत्र पसरलं, कारण ते पेलणारी संस्था त्याच्यासोबत जन्मली.

अन्नप्रक्रियेतलं उच्च दाबाचं तंत्र या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. बर्ट हाइट यांनी १८९९ साली दाब देऊन दूध जास्त दिवस टिकवून दाखवलं होतं. त्यावर आधारलेला माल बाजारात आला १९९०मध्ये, जपानमध्ये. आज पाकीटबंद रसावर वातावरणाच्या सुमारे ६,००० पट दाब दिला जातो. त्यानं जंतूंची आवरणं आणि प्रथिनं मोडतात. चव आणि जीवनसत्त्वांचे छोटे रेणू बरेचसे शाबूत राहतात. काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कठीण कवचातली सुप्त रूपं, मात्र या दाबातूनही वाचतात, म्हणून माल पुढे थंडच ठेवावा लागतो. थोडक्यात, यंत्र घेतलं तरी शीतसाखळीशिवाय ते अपुरं. इतका दाब सोसणारी जाड पोलादी यंत्रं फार महाग असतात. म्हणून अनेक छोटे उत्पादक ती विकत घेत नाहीत. भाड्यानं प्रक्रिया करून देणाऱ्या केंद्रात ते आधी एक खेप पाठवतात, ती किती दिवस टिकते आणि गिऱ्हाईक पुन्हा मागतं का, हे पाहतात, आणि मग दुसरी पाठवतात.